पैसे घेताना धंदा, जाब विचारताना विद्यादान

विद्यादान हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आहे. ज्या समाजाच्या वाट्याला ते दान शतकानुशतके आलेच नाही, त्या समाजाने हा शब्द ऐकताच किंचित सावध व्हावे, यात नवल नाही. दान म्हटले की घेणाऱ्याने हात जोडावयाचे आणि मुकाट राहावयाचे, असा संकेत आहे. धर्माची गाय आणि दात का गं नाय, अशी म्हणच आहे. परंतु वाचकहो, सीताबर्डीपासून मेडिकल चौकापर्यंत आणि धरमपेठेपासून इंदोऱ्यापर्यंत नागपुरात विद्येची जी दुकाने आज थाटलेली दिसतात, तेथील गाय धर्माची नाही. ती रोख रक्कम मोजून, नव्हे कर्ज काढून, विकत घेतलेली आहे. तेव्हा तिचे दात मोजण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे की नाही, एवढाच प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे.

मी बोलतो आहे ते संगणकाचे शिक्षण देणाऱ्या, नफ्यासाठी चालविल्या जाणाऱ्या खाजगी संस्थांविषयी. या शहरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. तिचे मूळ १९६० सालचे. २०१६ साली भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थाही आली. परंतु तेथील जागा मोजक्या, आणि त्या जागांसाठी द्यावयाच्या परीक्षेची तयारी हीच मुळी श्रीमंताला परवडणारी बाब होऊन बसली आहे. जो बी. ए., बी. कॉम. होऊन घरी बसला, ज्याच्या बापाने हमाली करून त्याला तेथवर आणले, त्याच्यासाठी उरतो तो चौकातला फलक. मिहानमध्ये टी. सी. एस., इन्फोसिस, एच. सी. एल. यांच्या भव्य वास्तू उभ्या राहिल्या आणि त्या वास्तूंची चित्रे या फलकांवर झळकू लागली. जणू वर्गाच्या मागल्या दाराने थेट मिहानातच पाऊल पडते!

उत्तर नागपुरातील असाच एक तरुण काही महिन्यांपूर्वी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. संस्थेचे नाव मी देत नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, आणि नाव बदलले तरी हकीकत बदलत नाही. अकरा महिन्यांचा अभ्यासक्रम, फी नव्वद हजार. पंधरा हजार आईने बचतगटातून उचलून रोख भरले. उरलेल्या रकमेसाठी प्रवेशाच्या टेबलावरच, प्रवेशाच्या अर्जाखाली ठेवलेल्या दुसऱ्या कागदावर त्याची सही घेण्यात आली. तो कागद एका वित्तसंस्थेचा कर्जाचा करारनामा होता. वित्तसंस्थेने सर्व पैसे संस्थेला एकदम पोचते केले. हप्ते मात्र या मुलाच्या नावावर राहिले. शिकवण आवडो वा न आवडो, वर्ग भरो वा न भरो, हप्ता चुकला की वसुलीचा दूरध्वनी त्याला येणार, संस्थेला नव्हे.

आणि शिकविले काय? पहिला महिना संगणकाची ओळख करून देण्यात गेला. एम. एस. सी. आय. टी. तो पूर्वीच उत्तीर्ण झाला होता, आणि त्याने अर्जात तसे लिहिलेही होते. सहा महिन्यांत तीन शिक्षक बदलले. त्यांतील एक मागील वर्षी त्याच वर्गात विद्यार्थी होता. एका यंत्रापुढे दोघे बसत. एकाने टंकावे, दुसऱ्याने पाहावे. जावा आणि पायथन या भाषा शिकवू असे माहितीपत्रकात होते. प्रत्यक्षात शिक्षक पडद्यावरील मजकूर वाचून दाखवी, आणि चूक कोठे झाली हे विचारले असता पुढच्या तासाला सांगतो म्हणे. अखेरचा प्रकल्प म्हणून ग्रंथालयाच्या व्यवस्थेची जुनी, तयार प्रत साऱ्या वर्गाला वाटली गेली. प्रत्येकाने तिच्यावरील नाव बदलावयाचे, एवढेच काम! हा मुलगा मला म्हणाला, "वकीलसाहेब, नोकरी नाही मिळाली त्याचं एवढं वाईट नाही वाटत. मला खरंच शिकायचं होतं." हे त्याचे वाक्य मला त्याच्या साऱ्या कागदांहून जड वाटले.

नोकरी मात्र त्याला देऊ करण्यात आली. कोठे, म्हणाल? त्याच संस्थेत! बारावीच्या आणि पदवीच्या मुलांच्या याद्या समोर ठेवून त्यांना दूरध्वनी करावयाचे, मिहानच्या गोष्टी सांगावयाच्या आणि प्रवेशामागे दलाली घ्यावयाची. याद्यांत त्याच्याच वस्तीतली नावे होती. त्याने ती नोकरी नाकारली. संस्थेने मात्र "नोकरी देऊ केली, उमेदवाराने नाकारली" अशी नोंद करून आपली शंभर टक्क्यांची हमी पुरी केली. फसलेल्याच्याच हातून पुढच्याला फसवावयाचे, ही या व्यापाराची खरी किल्ली आहे, आणि ती फसवणुकीहून अधिक नीच आहे.

आता कायद्याकडे वळू. या संस्थांच्या भिंतीवर पाहावे तो "शासनमान्य" अशी पाटी असते. मी या मुलाला ती मान्यता दाखवा असे लेखी मागावयास सांगितले. आले काय? कंपनी म्हणून झालेली नोंदणी, दुकाने आस्थापनेचा दाखला, लघुउद्योगाचे प्रमाणपत्र आणि आय. एस. ओ. ची मोहोर. वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. पानठेल्यालाही आस्थापनेची नोंद करता येते. म्हणून काही तेथे मिळणारे पान शासनमान्य होत नाही. आय. एस. ओ. ची मोहोर कार्यालयाच्या कारभाराची पद्धत तपासते; अभ्यासक्रमाचा कस किंवा प्रमाणपत्राची किंमत ती सांगत नाही. व्यवसायशिक्षणाच्या नियमनासाठी केंद्राने २०१८ साली राष्ट्रीय परिषद स्थापिली. तिची मान्यता वेगळी, आणि ती या ढिगात नव्हती.

परंतु त्या पिशवीत एक कागद असा निघाला की त्यापुढे बाकीचे सारे फिके पडावेत. तो म्हणजे फीची पावती. पावतीवर अभ्यासक्रमाच्या शुल्काखाली एक ओळ होती: वस्तू व सेवा कर, १८ टक्के. २०१७ सालच्या जुलैपासून लागू झालेल्या या कराची योजना अशी की, कायद्याने मान्य केलेल्या पदवीचे वा मान्यताप्राप्त व्यवसाय अभ्यासक्रमाचे शिक्षण करमुक्त आहे. अशा मान्यतेवाचून चालणारे खाजगी प्रशिक्षण ही विकली जाणारी सेवा, आणि तिच्यावर १८ टक्के कर. म्हणजे या संस्थेने स्वतःच्या पावतीवर, स्वतःच्या हाताने, दोन गोष्टी कबूल केल्या: आपले शिक्षण मान्यताप्राप्त नाही, आणि आपण देतो ती सेवा आहे. बचतगटाच्या पैशांतून सरकारनेही आपला वाटा घेतला तो सेवा म्हणूनच. मग ती सेवा खोटी निघाली तर ग्राहक म्हणून दाद मागू पाहणाऱ्या या मुलाला कोणत्या तोंडाने सांगता येईल की, बाबा, तू ग्राहक नाहीस, तू तर शिष्य आहेस?

आणि नेमके हेच सांगितले जाते. २००९ साली बिहार परीक्षा मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की परीक्षा घेणे ही कायद्याने सोपविलेली कामगिरी आहे, विकलेली सेवा नव्हे. ते प्रकरण परीक्षार्थीच्या क्रमांकाच्या घोळाचे. २०१० साली महर्षी दयानंद विद्यापीठाविरुद्ध सुरजीत कौर या प्रकरणी विद्यार्थी हा ग्राहक नव्हे, असे म्हटले गेले; तेथे बाईंनी एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करून विद्यापीठाचा नियमच मोडला होता. असे हे निर्णय सरकारी मंडळाचे आणि कायद्याने स्थापिलेल्या विद्यापीठाचे. त्यांचे छत्र ताणता ताणता २० जानेवारी २०२० रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मनू सोलंकी प्रकरणात असे ठरविले की, शिक्षणसंस्था, आणि तीत व्यवसाय अभ्यासक्रमही आले, ग्राहक कायद्याबाहेर. फक्त शिकवणीवर्ग तेवढे आत. या निकालावरील अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी, आपल्याच निर्णयांत परस्परविरोध असल्याचे नमूद करून, सुनावणीस दाखल करून घेतले. विद्यापीठासाठी उभारलेल्या छत्राखाली सीताबर्डीच्या तिसऱ्या मजल्यावरचे दुकान येऊन उभे राहिले आहे, आणि पाऊस मात्र गिऱ्हाइकाच्या डोक्यावर!

परस्परविरोध खरोखरच आहे. २००९ सालीच पाटण्याच्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या प्रकरणात त्याच सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांना ग्राहक मानून फी, खर्च व भरपाई देवविली होती. मगध विद्यापीठाशी संलग्न आणि दंतवैद्यक परिषदेने मान्य अशी त्या महाविद्यालयाची जाहिरात होती, आणि दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. नावात बुद्ध असला म्हणजे मृषावादापासून विरती साधतेच असे नाही, हे आपल्या संस्थाचालकांनीही लक्षात ठेवलेले बरे. डॉक्टरांना १९९५ सालापासून ग्राहक कायद्याखाली उत्तर द्यावे लागते. आम्हा वकिलांना २०२४ साली त्यातून सूट मिळाली. ती सूट मला रुचली असे मी म्हणणार नाही, पण निदान आम्ही फलक लावून शंभर टक्के जिंकून देण्याची हमी देत नाही. तशी परवानगीच नाही.

यातील विसंगती आणखी खोल आहे. २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने शिक्षणसंस्था चालविणे हा घटनेच्या १९ व्या कलमाखालील व्यवसाय होय, असे ठरविले. त्याच शब्दाच्या बळावर २००५ साली इनामदार प्रकरणात विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयांवर सरकारला राखीव जागा लादता येणार नाहीत, असा निकाल झाला आणि तो दुरुस्त करण्यासाठी घटनेत १५ (५) हे कलम घालावे लागले. तेव्हा पाहा: दलिताला जागा द्यावयाची वेळ आली की शिक्षण हा मालकाचा व्यवसाय, त्याच दलिताच्या मुलाने फी परत मागितली की शिक्षण ही पवित्र सेवा, तिला बाजारच्या कायद्याचा स्पर्श नको! स्पर्श नको हे शब्द आम्ही पूर्वीही ऐकले आहेत.

अमेरिकेत याच जातीची आय. टी. टी. टेक नावाची मोठी संस्था होती. संगणक आणि विद्युत्‌यंत्रे शिकविणारी, शंभराहून अधिक केंद्रांची, आणि सरकारी शैक्षणिक कर्जावर पोसलेली. २०१६ साली ती एकाएकी बंद पडली. विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि २०२२ साली तेथील शिक्षण खात्याने २ लाख ८ हजार कर्जदारांचे ३९० कोटी डॉलरचे कर्ज रद्द केले. त्या देशाच्या न्यायबुद्धीचे पोवाडे मी गाणार नाही. सहा वर्षे लागलीच. पण संस्थेने फसविले असेल तर कर्जही उरत नाही, हे तत्त्व तरी त्यांनी मान्य केले. आमच्या मुलाचा हप्ता या महिन्यातही कापला गेला.

१९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारला बजावले होते की शिक्षणखाते हे दिल्याघेतल्याच्या हिशेबावर चालवावयाचे खाते नव्हे. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आले पाहिजे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली ती याच विचारातून. परंतु मान्यतेवाचून चालणाऱ्या वर्गाला ती शिष्यवृत्ती लागू नाही, तेथे राखीव जागा नाही, फीवर मर्यादा नाही. घटनेचे ४६ वे कलम दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जातीजमातींचे, शैक्षणिक हित जपावे आणि सर्व प्रकारच्या शोषणापासून त्यांचे रक्षण करावे असे राज्याला सांगते. शिक्षण आणि शोषण हे दोन शब्द घटनाकारांनी एकाच कलमात ठेवले. या दुकानांत ते एकाच पावतीवर आले आहेत.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी पावती असेल त्यांनी एवढे करावे. पावतीवर कराची ओळ असेल तर तिची छायाप्रत काढून ठेवावी. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नये. फलकाचे आणि भ्रमणध्वनीवर आलेल्या जाहिरातीचे छायाचित्र तारखेसह जपावे, कारण तक्रारीचा वास लागताच फलक बदलतो. "भरलेली फी परत मिळणार नाही" असे छापले म्हणून घाबरू नये. एकतर्फी करार अन्याय्य ठरविण्याची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. २००३ साली इस्लामिक अकॅडमी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयांनादेखील एका वेळी एका वर्षाहून अधिक फी घेण्यास मनाई केली होती, हेही दाखवावे. जाहिरात खोटी असेल तर तिच्यापुरती वेगळी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे वा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करता येते. दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. शिकवणीवर्गांच्या फसव्या जाहिरातींविषयी या प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या असून, नोकरीची खोटी हमी त्यांत निषिद्ध आहे. आम्ही शिकवणीवर्ग नव्हे, असे संस्था म्हणेल. तिला म्हणू द्यावे, आणि मग कर कशाचा घेतला ते विचारावे.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येते. संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे की दिल्लीत याची पर्वा नाही. पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. वित्तसंस्थेलाही प्रतिपक्ष करावे. तिला वगळले तर निकाल लागेपर्यंत हप्ते चालूच राहतात. मुदत दोन वर्षांची आहे. ती कोणत्या दिवसापासून धरावी यावर नेहमी वाद होतो. म्हणून पहिल्या पावतीच्या तारखेपासूनच मोजावी, आणि जे त्या मुदतीच्या काठावर आले असतील त्यांनी पुढच्या अंकाची वाट पाहू नये.