गोळी थांबली, सूज परतली

डोंबिवली स्थानकाचा जिना चढताना गुडघे पुन्हा आखडू लागले, की आपण दोष देतो पावसाळी हवेला. परंतु नुकतीच प्रेडनिसोलोनची गोळी थांबली असेल, तर आधी तिचे स्मरण करावे.

दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यास मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे जवळजवळ सोडून देतात. त्या पूर्ववत होण्यास कधी कित्येक महिने लागतात. म्हणूनच मात्रा हळूहळू उतरवतात. सकाळचा ताठरपणा, सांध्यांची सूज हे बहुधा मूळ आजार परतल्याचे लक्षण. कमालीचा थकवा, उठताच चक्कर, मळमळ ही मात्र ग्रंथी अद्याप निद्रिस्त असल्याची खूण असू शकते. दोन्ही एकत्रही येतात, आणि अंगदुखी तर दोहोंतही असते. वारंवार उलट्या होऊन गुंगी आली, तर कल्याण असो वा ठाणे, रात्रीच रुग्णालय गाठावे आणि ‘स्टेरॉइड अमुक दिवशी थांबवले’ हे प्रथम सांगावे.

कपाटातील उरलेल्या गोळ्या परस्पर सुरू करू नयेत. संधिवातावरील बिननावाच्या पुडीतही स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. ती घेत असल्यास संकोच सोडून डॉक्टरांना दाखवावी. एकाएकी बंदही करू नये. मुलाने वा सुनेने वहीत रोज एवढेच लिहावे : सकाळी हातपाय मोकळे व्हायला किती वेळ लागला.