परवाने मोजले, मासे कोण मोजणार?

बेळगावच्या बाजारात आलेला बांगडा कुठला, असं विचारलं तर उत्तर साधारण तीनपैकी एक मिळतं: मालवण-वेंगुर्ल्याचा, गोव्याचा किंवा कारवार-मलपेचा. गिऱ्हाईकाला त्याचं सोयरसुतक नसतं, मासा ताजा असला की झालं. बांगड्यालाही ते नसतं. तेरेखोलच्या मुखाशी महाराष्ट्र संपतो आणि माजाळीला कर्नाटक सुरू होतं, हे माशांच्या थव्याला कुणी सांगितलेलं नाही. पण त्या थव्यामागे धावणाऱ्या नौकांचे परवाने मात्र तीन सरकारं तीन कायद्यांखाली देतात. गोव्याचा कायदा 1980चा, महाराष्ट्राचा 1981चा, कर्नाटकाचा 1986चा. किनाऱ्यावर ज्याला ‘मत्स्यदुष्काळ’ म्हणतात, त्याचं एक कारण या तीन वेगळ्या खातेवह्यांमध्ये आहे.

182चा आकडा

नौका फार झाल्या, परवाने कमी करा, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. 1970च्या दशकात ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी वाढली, तेव्हा गोव्याचे रापणकार रस्त्यावर उतरले. मतानी साल्ढाणा हे त्या लढ्यातलं ठळक नाव. त्या दबावातून गोव्याचा कायदा आला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा यांत्रिक नौकांना बंद झाला. तेव्हाचं भांडण जागेचं होतं, म्हणजे कुणी कुठे जाळं टाकायचं याचं.

महाराष्ट्राने पुढे संख्येला हात घातला. डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींवरून 5 फेब्रुवारी 2016 रोजी आदेश निघाला. पर्ससीनचे नवे परवाने बंद करायचे आणि असलेले टप्प्याटप्प्याने 182पर्यंत खाली आणायचे, असं ठरलं. पर्ससीनचा हंगामही 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर असा बांधून दिला. 2021मध्ये कायदा दुरुस्त झाला. कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे आले आणि एलईडी दिवे लावून मासेमारी केल्यास 5 ते 20 लाखांचा दंड लागू झाला.

कागदावर हे चोख दिसतं. तरी सिंधुदुर्गातला पारंपरिक मच्छीमार अजून उपोषणाला का बसतो?

एक खातं, तीन चेकबुकं

समुद्राकडे बँकेच्या संयुक्त खात्यासारखं पाहिलं तर हे लवकर कळतं. माशांचा साठा ही मुद्दल, दरवर्षी होणारी नवी वीण हे व्याज. व्याजावर भागवलं तर खातं पिढ्यान् पिढ्या चालतं. या खात्यावर तीन राज्यांची तीन चेकबुकं आहेत. एकाने ठरवलं की यंदा आपण कमी चेक फाडायचे. पण बाकी दोघांचे चेक चालूच राहिले, तर शिल्लक वाढत नाही. काटकसर करणाऱ्याचा वाटा दुसरीकडे जातो, एवढंच होतं.

जानेवारीत हे उघड दिसतं. 31 डिसेंबरला महाराष्ट्राच्या हद्दीत पर्ससीन थांबायला हवं. गोव्यात ही चार महिन्यांची चौकट नाही. म्हणजे तेरेखोलच्या दक्षिणेला कायदेशीर असलेलं काम काही मैल उत्तरेला गुन्हा ठरतं. नौका रात्रीची असते, समुद्रावर रेघ ओढलेली नसते आणि गस्ती नौका मोजक्याच. मग परप्रांतीय नौका धरणं, मच्छीमारांची आपसात बाचाबाची, मंत्र्यांची पत्रापत्री हे सगळं ओघानेच येतं. त्याचा आवाज मोठा होतो, पण त्याने माशांची संख्या वाढत नाही.

दुसरी अडचण परवान्यातच आहे. परवाना नौका मोजतो, तिची ताकद मोजत नाही. जुन्या नौकेवर दुप्पट अश्वशक्तीचं इंजिन बसवलं, जाळं लांब केलं, फिशफाइंडर लावला, तरी वहीत नौका एकच राहते. परवाने दहा टक्के घटले आणि उरलेल्यांची पकडण्याची क्षमता दीडपट झाली, तर समुद्रावरचा ताण वाढलेलाच असतो. त्यात डिझेलवरच्या कराचा परतावाही सरकारच देतं. एका हाताने परवाना आवळायचा आणि दुसऱ्या हाताने लांब जाण्याचा खर्च हलका करायचा, असा हा व्यवहार आहे.

नौकामालकांचंही ऐकू

पर्ससीनवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, आमचं जाळं वरच्या पाण्यातला बांगडा आणि तारली घेतं. तळ खरवडून बारकी पिल्लं ओढणारा ट्रॉलर कुणाला दिसत नाही का? नौकेवर बँकेचं कर्ज असतं, खलाशी परराज्यातून आगाऊ पैसे देऊन आणलेले असतात. चार महिन्यांत हे गणित बसत नाही, म्हणून चोरून जावं लागतं, असंही काही जण खासगीत कबूल करतात.

मासळीच्या घटीचं सगळं खापर जाळ्यावर फोडणंही बरोबर नाही. सीएमएफआरआय या केंद्रीय संस्थेच्या नोंदीप्रमाणे 2019मध्ये महाराष्ट्रात 2.01 लाख टन मासळी उतरली. 45 वर्षांतली ती सर्वांत कमी. पण त्या वर्षी वादळांमुळे नौका अनेक दिवस बंदरातच होत्या. केरळात 2021मध्ये तारली अवघी 3,297 टनांवर आली, तिथेही समुद्राच्या बदलत्या तापमानाकडे शास्त्रज्ञांनी बोट दाखवलं. मात्र यातून परवाने सैल करावेत असा अर्थ निघत नाही. व्याजाचा दर आपल्या हातात नसतो, तेव्हा मुद्दल जास्तच जपावी लागते.

एकत्र नियम होऊ शकतो

तीन राज्यांचं एकमत कधी होणार, असं कुणी म्हणेल. पण पावसाळी बंदीचं उदाहरण समोर आहे. बारा सागरी मैलांपलीकडच्या केंद्राच्या पाण्यात सगळ्या पश्चिम किनाऱ्याला 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंदी असते. तक्रारी होतात, पण ती बहुतांशी पाळली जाते. कारण आपण थांबलो तेव्हा शेजारीही थांबलाय, हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसतं.

नोव्हेंबर 2025मध्ये केंद्राने याच पाण्यासाठी नवे नियम काढले. यांत्रिक आणि मोठ्या मोटरच्या नौकांना तिथे जायला आता ऑनलाइन ‘अॅक्सेस पास’ लागतो. लहान पारंपरिक नौकांना त्यातून सूट आहे. एलईडी मासेमारी आणि दोन नौकांनी मिळून ओढायचं जाळं यांना मनाई आहे. म्हणजे एक सामाईक नोंदवही तरी उघडली. पण पास किती द्यायचे याची कमाल मर्यादा साठ्याकडे बघून ठरली नाही, तर तो पास नुसताच आणखी एक कागद होईल. आणि बारा मैलांच्या आतलं पाणी, जिथे आपली बहुतेक भांडणं होतात, ते अजून राज्यांकडेच आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकाने पर्ससीनचा हंगाम एकाच तारखांना ठेवावा. परवान्यावर नौकेच्या संख्येबरोबर इंजिनाची ताकद आणि जाळ्याची लांबी यांचीही मर्यादा लिहावी. ज्यांचे परवाने जातील त्यांच्या कर्जाचं आणि खलाशांचं काय, हे आधी ठरवावं. ते न ठरवता परवाना काढून घेतला तर नौका चोरून जाणारच. आणि तिन्ही राज्यांच्या परवान्यांची यादी कुणालाही पाहता येईल अशी एका ठिकाणी ठेवावी.

जमिनीवरच्या सीमेचा दावा 2004पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. समुद्राला तेवढी सवड नाही. पुढच्या वेळी तिन्ही राज्यांपैकी कुठलाही मंत्री ‘आम्ही परवाने कमी केले’ असं सांगेल, तेव्हा त्याला एवढंच विचारा: शेजाऱ्याशी बोलून केले, की एकट्याने?