बाळाचा श्वास मोजता येतो ना?

मैत्रिणींनो, थंडी सुरू झाली की पत्रांत सर्दी-खोकला असतोच. पण यावेळी एक पत्र वाचून मी बाकीची बाजूला ठेवली. एक वाचक भगिनी लिहितात, ‘सासऱ्यांना न्यूमोनिया झाला. हुडहुडी भरून ताप, खोकला, छातीत कळ. ते बरे होताहेत तोच चार महिन्यांच्या मुलाला सर्दी झाली. डॉक्टर म्हणाले, यालाही न्यूमोनिया आहे, दवाखान्यात ठेवा. पण त्याला ताप नाही, खोकलाही जेमतेम. सासूबाई म्हणतात, डॉक्टर उगीच घाबरवतात. काय करू?’

ताई, मी त्यांना लगेच कळवलं, तेच इथंही सांगते. डॉक्टरांचं ऐका, आणि आजच ऐका.

सासूबाईंचंही चुकतंय असं नाही. त्यांनी न्यूमोनिया पाहिला तो मोठ्या माणसाचा. मोठ्यांच्या बरगड्या तिरप्या असतात. श्वास घेताना बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात, छाती फुलते. तान्ह्याच्या बरगड्या मऊ आणि जवळजवळ आडव्या. त्याला खोल श्वास घेताच येत नाही. हवा कमी पडली की तो एकच करू शकतो, भराभर श्वास घेणं. शिवाय श्वासनलिका इतक्या बारीक, की थोडी सूज आली, थोडा कफ अडकला, की वाट बुजलीच. मोठा माणूस खाकरून कफ टाकतो. बाळ तो गिळतं, मग उलटी करतं, आणि आपण म्हणतो दूध बाधलं!

ताप तर अगदी लहान बाळाला येईलच असं नाही. उलट अंग गार पडतं. (म्हाताऱ्या माणसांचंही असंच. कधी ताप नसतो, नुसती असंबद्ध बडबड सुरू होते आणि घरचे वयावर ढकलतात.)

मग ओळखायचं कसं? श्वास मोजून. बाळ शांत असताना, झोपलेलं असलं तर उत्तमच, झबलं वर करा आणि पोटाकडे बघा. पोट एकदा वर आलं की एक. घड्याळ समोर ठेवून पुरता एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत नसतो. रडताना किंवा पिताना मोजलेलं धरायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले तर निघा. दोन महिने ते एक वर्ष, ५०. एक ते पाच वर्षं, ४०. तुमचे-आमचे बसल्याजागी १२ ते २० असतात. त्यामुळे तान्ह्याचे ४० ऐकून घाबरू नका, ते त्याचं नेहमीचंच.

हे काही डॉक्टरी गुपित नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच लोकांना, लिहिता-वाचता न येणाऱ्या सुइणींनासुद्धा, बालन्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. आकडे न येणाऱ्यांसाठी मणी आणि वाळूचं घड्याळ लावलेलं साधन केलं. १९९० साली हे काम प्रसिद्ध झालं. उपचार मिळालेल्या भागात न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांमागे एकापेक्षाही कमी मूल दगावलं. जिथं ही सोय नव्हती तिथं तेरा-चौदा. आपण तर शिकलेल्या!

आता घरगुती उपायांचं. नाकात तेल घालू नका, ते फुप्फुसात उतरतं आणि त्यानेच न्यूमोनिया होऊ शकतो. ओव्याची धुरीही नको. बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून शेगडी फुलवायची, यात शेक कमी आणि धूर जास्त. पोटाला चटके, बिब्बा तर मुळीच नको. नाक चोंदलं असेल तर दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब घाला. आजोबांच्या उरलेल्या गोळ्या कुटून देऊ नका. खोकल्याचं औषधही मनाने नको. २०२५ साली छिंदवाड्याकडे दूषित औषधाने लहान मुलं गेली, ते आठवतं ना?

लसी मात्र चुकवू नका. सहा आठवड्यांपासूनच्या पेंटाव्हॅलंटमध्ये न्यूमोनियाच्या एका जंतूवरची लस असतेच. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून आपल्या राज्यात सरकारी दवाखान्यात मोफत मिळते: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने.

काही वेळा मोजत बसायचंही नाही. श्वास घेताना शेवटच्या बरगडीखाली खळगा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, बाळ कण्हतंय, ओठ निळसर दिसताहेत, किंवा अंगावर प्यायचंच सोडलंय, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. सकाळची ओपीडी नको. लसीकरणाचं कार्ड घ्या, बाळाला छातीशी धरा, पण तोंडावर शाल ओढू नका. श्वास मोजला असेल तर आकडा आणि वेळ चिठ्ठीवर लिहून न्या, डॉक्टरांना तो लागतो.