महाराज चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी काय?

दरवर्षी २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती येते आणि वस्त्यावस्त्यांतील विहारांत, समाजमंदिरांत गंगाराम कांबळे यांच्या चहाची गोष्ट सांगितली जाते. आम्हीही ती व्यासपीठावरून कितीतरी वेळा सांगितली आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत. अशाच एका कार्यक्रमानंतर सतरंज्या गुंडाळणे चालू असताना एक वयस्क बाई आमच्याजवळ आल्या. "जयभीम भाऊ," म्हणाल्या, "गोष्ट चांगली सांगितलीत. पण महाराज चहा पिऊन गेले, मग दुसऱ्या दिवशी दुकानात कोण आलं?"

आम्ही गप्प झालो. वाचकहो, इतकी वर्षे आम्ही ही गोष्ट सांगत आलो, पण हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच, तरी थोडक्यात सांगतो. गंगाराम कांबळे कोल्हापुरात महाराजांच्या पागेत नोकरीला होते. मराठ्यांसाठी राखलेल्या हौदातील पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना रक्त येईपर्यंत मारहाण झाली. महाराज तेव्हा दिल्लीस होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना स्वतःच्या हाताने शासन केले आणि गंगारामांना सांगितले, की चाकरी सोड आणि स्वतंत्र धंदा कर. त्यातून १९२० च्या आसपास कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक हॉटेल' उभे राहिले. चहा चांगला होता, दुकान स्वच्छ होते, पण महाराचा चहा पिणार कोण? हे कानी आल्यावर महाराजांनी भर रस्त्यात आपली गाडी त्या दुकानासमोर उभी केली, चहा मागवला, स्वतः प्याले आणि बरोबरच्यांनाही पाजला.

येथे टाळ्या पडतात आणि आमचे भाषण पुढे सरकते. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा हुकूम, मार्च १९२० ची माणगाव परिषद, महाराजांनी तेथे बाबासाहेबांचा केलेला गौरव. हे सारे सांगायलाच हवे. पण चहाचे दुकान मागे राहते आणि दुकानात उभा असलेला माणूसही मागे राहतो.

त्या बाईंना आम्ही विचारले, "आई, तुम्हाला हे का विचारावंसं वाटलं?" त्या म्हणाल्या, "आमच्या मालकांनी तीस वर्षं स्टँडजवळ चहाची टपरी चालवली, भाऊ. त्यांच्याकडे राजा कधी आला नाही."

मग त्या बोलत राहिल्या आणि आम्ही ऐकत राहिलो. मालक पहाटे चारला उठायचे. पहिली एसटी सुटायच्या आत स्टोव्ह पेटलेला असायचा. दूध रतिबाचे, साखर उधारीची. टपरीत बाबासाहेबांचा फोटो लावला, त्या आठवड्यात रोजची सात-आठ गिऱ्हाइके समोरच्या हॉटेलात जाऊ लागली. भावकीतल्या एकाने सांगितले, फोटो घरी लाव, दुकानात कशाला? मालक म्हणाले, "फोटो राहील. चहा आणखी चांगला करीन." त्यांनी कपबश्या उकळत्या पाण्यातून काढायला सुरुवात केली, तीही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. आल्याचा तुकडा वाढवला, भाव तोच ठेवला. तीन-चार महिन्यांनी ड्रायव्हर-कंडक्टर परत आले. काही आलेच नाहीत. मालकांनी त्यांचे नाव कधी काढले नाही.

त्याच टपरीवर दोन मुली आणि एक मुलगा शिकले. थोरली नर्स झाली. मुलगा दहावीत नापास झाला तेव्हा मालकांनी त्याला मारले नाही, पहाटे चारला उठवून टपरीवर नेले. आठ दिवसांनी पोरगा आपणहून पुस्तकाला लागला. "त्यांना वाचता जेमतेम यायचं," बाई म्हणाल्या, "पण उधारीच्या वहीत एका पैशाची चूक नसायची."

आता गंगाराम कांबळ्यांकडे पुन्हा पाहा. बाबासाहेब स्वतः परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आले, बडोद्याची नोकरी अपमान सोसून सोडावी लागली आणि त्यांनी मुंबईत शेअर व रोख्यांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. हा १९१७-१८ चा सुमार. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. सल्ल्याला तर हात लागत नाही, तो ओठालाही लागत नाही. तरी लोकांना तो चालला नाही. मग ज्या माणसाने त्याच काळात चहा विकायला काढला, म्हणजे थेट लोकांच्या ओठी जाणारी वस्तू, त्याची छाती केवढी असेल?

महाराजांच्या एका कपाने त्या दुकानाचे दार उघडले, यात शंका नाही. राजा ज्या दुकानात प्याला, तेथे प्यायला नाही म्हणणे अनेकांना जड गेले असेल. परंतु धंदा करणाऱ्या कोणालाही विचारा, गिऱ्हाईक एकदा भिडेपोटी येते, दुसऱ्यांदा येते ते मालासाठी. राजा रोज येऊन बसत नाही. रोज पहाटे चूल पेटवावी लागते, दूध नासू न देता सांभाळावे लागते, कप घासावा लागतो, टोमणा ऐकूनही सुटे पैसे बरोबर मोजून हातावर ठेवावे लागतात. ते काम गंगारामांचे होते.

आणि त्या दुकानाने त्यांना काय दिले, तेही पाहा. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे मुंबईत निधन झाले. १९२५ साली कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभे राहिले, ते गंगाराम कांबळे यांच्या पुढाकाराने आणि लोकांच्या मदतीने. पाण्याला शिवला म्हणून ज्याला मार खावा लागला, तोच माणूस काही वर्षांत लोकांना एकत्र करून राजाचे स्मारक उभारतो. चाकरीत राहिला असता तर हे बळ त्याच्यात आले असते का? स्वतःच्या कमाईवर उभा असलेला माणूस समाजातही उभा राहू शकतो, हे महाराजांना कळले होते, म्हणूनच त्यांनी गंगारामांना नुसती नुकसानभरपाई न देता धंदा करायला सांगितले.

२६ जानेवारी १९५० पासून संविधान अंमलात आले. दुकाने, हॉटेले यांत जातीवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही असे पंधराव्या कलमात लिहिले गेले. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. दुसऱ्याच्या हॉटेलात आपण ताठ मानेने बसावे, हे कायद्याने साधले. पण आपल्या दुकानात गिऱ्हाईक आणून बसवील असा कायदा कोठेही नाही. ती लढाई टपरीवाल्याने, सायकल दुरुस्तीवाल्याने, शिंप्याने, पिठाच्या गिरणीवाल्याने एकट्याने लढली, तीही घोषणा न देता.

बाईंनी निघताना पिशवीतून एक कागद काढला. मालकांच्या पुण्यानुमोदनाची जाहिरात होती. कालकथित म्हणून नाव, तारीख, विहाराचा पत्ता, शोकाकुल परिवार. नावाखाली एक ओळ मोकळी सोडलेली. "इथं काय लिहायचं ते समजेना, भाऊ. बाकीच्यांच्या खाली अधिकारी, मुख्याध्यापक असं असतं. ह्यांना पद नव्हतं."

आम्ही पेन काढले आणि त्यांना विचारून त्या ओळीत लिहिले : 'चहाचे दुकानदार, तीस वर्षे.' बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि डोळे पुसले.

वाचकहो, आपल्या घरातही असे कोणी असेल. वडील, सासरे, मामा. पुण्यानुमोदनाचा मजकूर लिहाल तेव्हा त्यांचा धंदा लिहायला लाजू नका. दुकान कोठे होते, किती वर्षे चालवले, कोणाकोणाला शिकवले, तेही लिहा. मुलांना बसवून सांगा. महाराजांचा एक कप इतिहासाने जपून ठेवला आहे. दुसऱ्या दिवसापासूनचे कप कोणी मोजले नाहीत, ते आपल्याच घरातल्यांनी मोजायचे आहेत.

जयभीम!