चालती-बोलती चित्रे

चित्रपटांतले आम्हांस फार कळते असा आमचा दावा नाही. डोकमर्डीच्या घरी नातवंडे जे लावतील, ते आम्ही सुपारी कातरीत पाहतो.

परवा ‘महावतार नरसिंह’ (२०२५) पाहिला. खांब दुभंगताच घर स्तब्ध झाले. युद्धे मात्र अंमळ लांबली. आमच्या मनात राहिली ती प्रल्हादाची शांत मुद्रा. व्ही. जी. सामंतांचा ‘हनुमान’ (२००५) साधा, पण अधिक खट्याळ वाटला होता.

एवढ्यात धाकटीने हिंदीतच विचारले, “आजोबा, ही मंडळी मराठी का बोलत नाहीत?” आमचा अडकित्ता थबकला. ज्या महाराष्ट्रात फाळक्यांनी १९१५ साली निर्जीव आगकाड्यांना पडद्यावर चालते केले, ‘प्रभात’ने १९३४ साली ‘जंबूकाका’ हे व्यंगचित्र काढले, त्याच्या लेकरांनी हे विचारावे! दोष त्यांचा कसा? घरात मराठी गोष्ट सांगणे आम्हीच सोडले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आवाज बंद करून हिरण्यकशिपूचे बोलणे मराठीत केले. पोरे खो खो हसली. मग धाकटीने प्रल्हादाची वाक्ये मागून घेतली. ती अडखळत बोलली, पण मराठीत बोलली.

वाचकांनीही हा प्रयोग अवश्य करावा.