प्रयोगाआधीची पाच मिनिटे

उत्तर अंबाझरी मार्गावरून धरमपेठेच्या लक्ष्मीभुवन चौकाकडे चालत गेले, तर विज्ञान शिकवणाऱ्या शिकवण्यांच्या पाट्यांची कमतरता जाणवत नाही. कमतरता आहे ती ब्युरेट हातात धरलेल्या विद्यार्थ्यांची. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्राच्या प्रत्येकी १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे असतात. पण वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांत प्रयोग करून दाखवावा लागत नाही. मग प्रयोगवही मित्राच्या वहीवरून उतरवली जाते आणि तोच विद्यार्थी बीएस्सीच्या पहिल्या वर्षात प्रयोगशाळेच्या दारात बावरून उभा राहतो.

त्याची अडचण आळसाची नसते. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात त्याला सूचना ऐकायच्या असतात, अनोळखी उपकरण जोडायचे असते, रंग पाहायचा असतो, आकडे टिपायचे असतात आणि हे सारे कशासाठी, हेही समजून घ्यायचे असते. ग्लासगोचे रसायनशिक्षणतज्ज्ञ अॅलेक्स जॉन्स्टन यांनी १९८०च्या दशकातच दाखवून दिले, की एका वेळी एवढा भार पेलणे आपल्या कार्यस्मृतीला जमत नाही. अशा वेळी विद्यार्थी विचार सोडून देतो आणि पाककृतीसारख्या पायऱ्या उरकतो.

आदल्या दिवशी पाहिलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ हा भार हलका करू शकतो. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे अनुमापन घ्या. द्रावण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले नाही, तर पहिल्याच थेंबांचा गुलाबी रंग रेंगाळतो आणि नवख्याला वाटते, झाले! सल्फ्युरिक आम्ल कमी पडले, तर द्रावण तपकिरी, गढूळ होते. परमँगनेट गडद असल्याने ब्युरेटमध्ये वरच्या कडेचे वाचन घ्यावे लागते. रंगहीन द्रावणाला मात्र खालच्या वक्राचे. पुस्तकातली ही वाक्ये डोळ्यांवरून निसटून जातात. तीच गोष्ट पडद्यावर घडताना एकदा पाहिली, की हात तयारीने प्रयोगशाळेत येतात. आम्लात पाणी नव्हे, तर पाण्यात आम्ल हळूहळू ओतायचे, हा नियमही अपघात होण्याआधीच पाहिलेला बरा.

लांबीही महत्त्वाची. ‘एडएक्स’ या ऑनलाइन मंचावरील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही मोठा असला, तरी पाहणाऱ्याचा सर्वसाधारण मुक्काम सहा मिनिटांपलीकडे जात नाही, असे त्यात आढळले. म्हणजे तासाभराचे व्याख्यान चित्रित करून टाकण्यात अर्थ नाही.

साधनसामग्री दुर्मीळ नाही. ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ हा केंद्र सरकारचा प्रकल्प विनामूल्य आहे. पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या प्रयोगांच्या छोट्या फिती मराठीसह अनेक भाषांत केल्या. तरीही सर्वांत उपयोगी व्हिडिओ आपल्याच प्रयोगशाळेतला. तोच तराजू, तीच बाटली, आपल्याच बाई आणि त्यांची मराठी. त्यासाठी एक मोबाइल आणि तो धरणारा एक प्रयोगशाळा सहायक पुरेसा आहे. गावाकडून येणाऱ्या मुलांना डेटाचा खर्च पडू नये म्हणून महाविद्यालयातच तो उतरवून घेण्याची सोय हवी. शेवटी दोन-तीन प्रश्न असावेत. त्यांची उत्तरे दिल्याशिवाय प्रयोगाला सुरुवात नाही. नाही तर तोही ‘फॉरवर्ड’ होऊन विसरला जाईल.

एक धोका मात्र आताच ओळखायला हवा. शिक्षकांची पदे रिक्त, रसायनांना निधी नाही, अशा संस्थांना व्हिडिओ ही पळवाट वाटू शकते. पडदा पाहून काचेची उष्णता कळत नाही, वास येत नाही, चुकलेले वाचन पुन्हा घेण्याची शिस्त लागत नाही. टाळेबंदीच्या काळात पडद्यावर प्रयोग ‘केलेल्या’ मुलांनी ही उणीव अनुभवली आहे. म्हणून हिशेब साधा ठेवावा: व्हिडिओने वाचवलेली सूचनांची वीस मिनिटे विद्यार्थ्याच्या हातांना परत मिळाली पाहिजेत. दुसरे वाचन घेण्यासाठी, उत्तर चुकले तर का चुकले हे शोधण्यासाठी. ती वेळापत्रकातून कापली गेली, तर आपण मुलांना विज्ञान दाखवले असेल, शिकवलेले नसेल.