फी घेता, तर लायसन्सही घ्या

नवा स्टुडिओ बघायला आलेला माणूस माइक कुठला, स्पीकर कुठले, खोली साउंडप्रूफ आहे का, सगळं विचारतो. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर विकत घेतलंय का, हा प्रश्न मला आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलेला नाही. नाशिकमध्ये मी छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवते. भक्तिगीतं, शाळांची स्वागतगीतं, लग्नातल्या नाचाचे ट्रॅक आणि निवडणुका लागल्या की प्रचाराची गाणी, हे आमचं काम. या धंद्यात क्रॅक, म्हणजे कुलूप तोडून फुकट वापरलेलं सॉफ्टवेअर इतकं अंगवळणी पडलंय, की ओरिजिनल घेणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात.

आपली चाल कुणी उचलली तर मात्र हीच मंडळी पेटून उठतात. उठायलाच हवं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि निर्माता करारावर सही घेऊन गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायमचा काढून घेऊ शकणार नाही, असं ठरलं. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत केलेलं भाषण आमच्या क्षेत्रात अजून आठवलं जातं. ज्या कायद्यानं आम्हाला हा हक्क दिला, त्याच कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमही साहित्यकृतीत धरलेला आहे, कवितेच्या शेजारी. आपल्या चालीचे पैसे मागायचे आणि ती चाल ज्यावर बांधली त्या प्रोग्रॅमचे बुडवायचे, हे मला अजिबात मान्य नाही.

‘परदेशी कंपन्यांना काय फरक पडतो’, असं म्हणणाऱ्यानं एकदा सॉफ्टवेअरमधल्या तबल्याचं सॅम्पल कसं तयार होतं ते बघावं. वादक तबला सुरात लावतो आणि ‘ना’ वाजवतो, अगदी हलका. त्याचा नाद पूर्ण विरेपर्यंत खोलीत कुणी हलायचं नाही. मग तोच ‘ना’ जरा जोरात, मग आणखी जोरात. शिवाय एकेका जोराचे चार-पाच वेगळे आघात घ्यावे लागतात, कारण तोच एक तुकडा परत परत वाजला की कानाला लगेच खोटा लागतो. मग ‘तिं’, ‘तूं’, ‘के’. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला ‘गे’ तर मनगट किती सरकलं त्याप्रमाणे वेगवेगळा. अधेमधे पुडीचा सूर उतरतो, हातोडी घेऊन तबला पुन्हा लावायचा आणि आधीच्या आघातांशी जुळतोय का ते बघायचं. नंतर कुणीतरी हेडफोन लावून एकेक आघात कापतो, पातळी जुळवतो, कीबोर्डच्या पट्टीवर बसवतो. प्रोग्रॅमर हे सगळं बोटाच्या दाबाला प्रतिसाद देईल असं बांधतो. क्रॅक डाउनलोड करणारा या सगळ्यांचे पैसे बुडवतो, आणि त्यात बहुतेक वेळा आपल्यासारखाच एक वादक असतो.

आपल्याकडच्या डीजे मंडळींचं लाडकं एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या कंपनीचं. १९९७ साली ते ‘फ्रुटीलूप्स’ नावानं आलं. एकदा विकत घेतलं की पुढची सगळी व्हर्जन फुकट देण्याचं वचन ही कंपनी पाळत आली आहे. गणपतीत हलगीचे लूप वाजवून सुपाऱ्या घेणाऱ्यांपैकी किती जणांनी ते एकदा तरी विकत घेतलं असेल?

क्रॅक टाकताना काय करावं लागतं, तेही बघा. अँटिव्हायरस बंद करायचा, इंटरनेट तोडायचं आणि कुणी बनवली ते ठाऊक नसलेली फाइल ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवायची. म्हणजे त्या अनोळखी माणसाला सगळ्या मशीनचा ताबा द्यायचा. त्याच मशीनवर गिऱ्हाइकाचं अजून बाहेर न आलेलं गाणं असतं. शहरातल्याच एका स्टुडिओतून मिक्सिंगसाठी आलेलं प्रोजेक्ट माझ्याकडे उघडलं, तेव्हा निम्म्या ट्रॅकवरचे प्लगइन गायब होते. सगळे क्रॅक. वेगवेगळे ट्रॅक काढून पाठवा म्हटलं, तर त्यांनी तोवर मशीन फॉरमॅट केलेलं. गायिकेला पुन्हा बोलावून डबिंग करावं लागलं, आणि तिला त्याचे वेगळे पैसे कुणी दिले नाहीत.

आता गरिबीचा मुद्दा. मजुरी करणाऱ्या घरातलं पोरगं जुन्या लॅपटॉपवर क्रॅक टाकून रात्री शिकत बसतं, त्याला मी चोर म्हणणार नाही. कायदाही शिकणाऱ्याला आणि धंदा करणाऱ्याला एका मापानं मोजत नाही. कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पण वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं.

माझा राग आहे तो ‘साउंड इंजिनिअरिंग’चे कोर्स चालवणाऱ्या क्लासेसवर. हजारोंची फी घ्यायची, एसी लावायचा, आणि वीस मुलांच्या वीस मशीनवर क्रॅक! काही ठिकाणी तर पहिल्याच दिवशी पेनड्राइव्हवर क्रॅकचं फोल्डर हातात ठेवतात. ते मूल पुढे स्टुडिओ काढेल तेव्हा काय करणार? धंद्याचा पहिला धडाच चोरीचा दिला, तर कॉपीराइटवर व्याख्यान देऊन उपयोग नाही.

आणि परवडत नाही, हे आता खरं राहिलेलं नाही. विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांचं ‘रीपर’ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साठ दिवस पूर्ण क्षमतेनं वापरून बघता येतं. त्याचं सवलतीचं लायसन्स साठ डॉलरचं, म्हणजे साधारण पाच हजार रुपये. वर्षाची उलाढाल वीस हजार डॉलरच्या आत असेल, तर धंद्यासाठीही हेच लायसन्स चालतं. आपल्याकडचे बहुतेक छोटे स्टुडिओ त्यात बसतात. ‘एलएमएमएस’ हे सॉफ्टवेअर आणि ‘सर्ज’ नावाचा सिंथ फुकट आहेत, आणि तेही कायदेशीर. एका बऱ्या माइकच्या पैशात सगळा संसार उभा राहतो.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलाला अशा कोर्सला घालण्याआधी क्लासच्या संचालकांना सॉफ्टवेअरचं बिल दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली, तर फी भरू नका.